बलून उडवायला शिका (ब्रेक्झिटनंतरची सुधारित आवृत्ती)

वारा कुठून वाहतोय ते नंतर बघा, आधी कॅलेंडर बघा. या मार्गदर्शिकेच्या जुन्या आवृत्तीत पहिला धडा वाऱ्याचा होता. नव्या आवृत्तीत तो बराच मागं ढकलला आहे, कारण वाऱ्यात काही सुधारणा झालेली नाही.

ही मार्गदर्शिका कोणासाठी

समजा, तुमचा जन्म ब्रिस्टलचा. लहानपणी ऑगस्टातल्या एखाद्या पहाटे वडिलांच्या खांद्यावर बसून अ‍ॅश्टन कोर्टच्या मैदानातून रंगीबेरंगी बलून एकामागून एक उठताना पाहिलेत आणि तिथंच ठरवलंत की मोठेपणी हाच धंदा करायचा. निवड वाईट नाही. पश्चिम युरोपातला पहिला आधुनिक गरम हवेचा बलून १९६७ मध्ये याच गावच्या हौशी मंडळींनी बनवला. त्याचं नाव 'ब्रिस्टल बेल'. त्या मंडळींपैकी डॉन कॅमेरॉन यांनी १९७१ मध्ये बलूनची कंपनी काढली, तीही राहत्या घराच्या तळघरात. १९७९ पासून गावात दरवर्षी बलूनची जत्रा भरते. आपल्याकडच्या वाचकांना आठवत असेल, नोव्हेंबर २००५ मध्ये विजयपत सिंघानिया मुंबईहून बलूनमधून २१ किलोमीटर उंचीवर गेले आणि सिन्नरच्या बाजूला उतरले. तो बलूनही ब्रिस्टलचाच. पैठणला पैठणी तसा ब्रिस्टलला बलून.

फक्त एक अडचण आहे. बलून ब्रिस्टलला बनतो, पण हवा इंग्लंडची. उड्डाण होतं पहाटे किंवा सूर्यास्ताच्या आधी, वारा पडलेला असताना. जमिनीवर दहा नॉटच्या आसपास वारा सुरू झाला की धंदेवाईक पायलट मान हलवतो आणि गिऱ्हाइकांना पुढची तारीख देतो. पाऊस नको, धुकं नको, गडगडाट तर नकोच. इतक्या अटी पाळणारी हवा इंग्लंडात वर्षातून किती दिवस मिळणार? म्हणून ब्रिटिश बलून पायलट ही जात पहिल्यापासून स्थलांतरित पक्ष्यांची. उन्हाळ्यात फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठच्या राजवाड्यांवरून, जानेवारीत आल्प्सच्या बर्फावरून, आणि त्याहून लांबची हौस असेल तर केनियातल्या मसाई मारावरून किंवा म्यानमारमधल्या बागानच्या देवळांवरून.

केनिया आणि म्यानमारला जाताना परवाने, व्हिसा, शिक्के हे सगळं आधीपासूनच होतं आणि ब्रेक्झिटनं त्यात काही फरक पडला नाही. अडचण झाली ती शेजारच्या घरी जायची, जिथं कालपर्यंत मागच्या दारानं चपला घालून जाता येत होतं. म्हणून ही मार्गदर्शिका. पुण्यामुंबईच्या वाचकाला हिच्यात नवं फार सापडणार नाही. तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, साक्षांकित प्रती, बोटांचे ठसे आणि 'परत कधी जाणार?' हा प्रश्न यांचा त्याला सराव आहे. नवखा आहे तो ब्रिस्टलचा माणूस. त्याच्याशी जरा समजुतीनं घ्यावं.

धडा पहिला : अक्षर वाचा

प्रत्येक बलूनच्या कापडावर नोंदणीची अक्षरं असतात. आपल्या गाडीवर एमएच असतं तसंच. ब्रिटनचं जी, फ्रान्सचं एफ, जर्मनीचं डी, आयर्लंडचं ईआय, स्वित्झर्लंडचं एचबी. (भारताचं व्हीटी.) १९४४ च्या शिकागो करारापासून जगाचा नियम असा की, कापडावर ज्या देशाचं अक्षर, त्या देशानं दिलेलं किंवा त्या देशानं मान्य केलेलं लायसन्स पायलटच्या खिशात हवं.

२०२० संपेपर्यंत ही अक्षरं वाचायची गरज पडत नसे. कोलोनला कचेरी असलेली युरोपची विमान सुरक्षा संस्था, बोलीभाषेत इयासा, हिच्या नियमांखाली काढलेलं ब्रिटिश लायसन्स फ्रेंच बलूनलाही चाले आणि जर्मन बलूनलाही. १ जानेवारी २०२१ च्या सकाळी तेच लायसन्स परकं झालं.

आता जी अक्षराचा स्वतःचा बलून घेऊन फ्रान्सच्या एखाद्या जत्रेत हौसेखातर उडायचं असेल, एक पैही घ्यायची नसेल, तर ब्रिटिश लायसन्स चालतं. पण टोपलीत तिकीट काढलेला माणूस बसला, किंवा तुम्ही एफ अक्षराच्या बलूनखाली जाऊन उभे राहिलात, की प्रकरण बदललं. थोडक्यात, मजा करायला या, मजुरी करायला येऊ नका. हे वाक्य कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही, पण परदेशात राहिलेल्या कोणालाही ते पाठ असतं.

धडा दुसरा : लायसन्स काढा

हा सोपा भाग. वयाची सोळा वर्षं पूर्ण हवीत. कमीत कमी १६ तासांचं उड्डाण प्रशिक्षण, त्यातले १२ तास शिक्षकाबरोबर. दहा वेळा बलून फुगवायचा, वीस वेळा उडायचं आणि उतरायचं, आणि एकदा शिक्षकाला जमिनीवर ठेवून किमान अर्धा तास एकट्यानं फिरून यायचं. शिवाय नऊ विषयांची लेखी परीक्षा. त्यात दिशादर्शन हाही विषय आहे. ज्या वाहनाला सुकाणू नाही, ब्रेक नाही, त्याच्या चालकाला दिशादर्शनाची परीक्षा द्यावी लागते हे ऐकून हसू नका. बलून कुठं न्यायचा हे तुमच्या हातात नसलं तरी कुठं चाललाय हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. ब्रिटनमधल्या पुढाऱ्यांनाही ही एक परीक्षा ठेवायला हरकत नव्हती.

गिऱ्हाईक बसवायचं असेल तर वय अठरा, कप्तान म्हणून ५० तास आणि ५० उड्डाणं, आणि पुन्हा एक प्रात्यक्षिक. बलूनचेही गट आहेत : ३४०० घनमीटरपर्यंत अ, मग ६००० पर्यंत ब, १०५०० पर्यंत क, त्याच्या वर ड. राजवाड्यांवरून वीस-वीस प्रवासी फिरवायचे तर मोठ्या गटाची पात्रता लागते.

आवाज करणाऱ्या बर्नरखाली उभं राहून, टोपलीच्या कोपऱ्यातल्या चार सिलिंडरवर डोळा ठेवून, खालच्या धुराड्याचा धूर कुठं वळतोय ते बघत हे सगळं जमवलंत की लायसन्स हातात. ब्रिटनच्या विमान वाहतूक खात्याच्या गॅटविकच्या कचेरीतून ते पोस्टानं घरी येईल. चौकट करून भिंतीवर लावू नका. पुन्हा काढायचं आहे.

धडा तिसरा : तेच लायसन्स पुन्हा काढा

आता थोडा इतिहास, कारण विद्यार्थी विचारतात, 'पण असं का?'

२३ जून २०१६ ला ब्रिटननं मतदान केलं, ५१.९ टक्के लोक म्हणाले, बाहेर पडू. ब्रिस्टलमध्ये सुमारे ६२ टक्के लोक राहू म्हणाले होते, पण टोपलीतल्या दोघांनी उतरायचं ठरवून बलून उतरत नाही. २९ मार्च २०१७ ला बाहेर पडण्याची रीतसर नोटीस ब्रसेल्सला पोचली. आणि नऊ दिवसांनी, ७ एप्रिलला, डोव्हरजवळून एकाच सकाळी ८२ बलून इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सला गेले. इतक्या संख्येनं एकदम खाडी पार करण्याचा तो विक्रम. नोटिशीचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. योग्य वारा मिळाला म्हणून ते त्या दिवशी गेले. पण चित्र म्हणून मला ते विसरता येत नाही. सरकार दार लोटून घेतंय आणि ८२ फुगे खिडकीतून बाहेर पडताहेत.

मार्च २०१८ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे म्हणाल्या की, युरोपियन युनियन सोडली तरी इयासाचे सहयोगी सदस्य म्हणून राहायचा आमचा विचार आहे. मार्च २०२० मध्ये पुढचं सरकार म्हणालं की, तेही नको. मधल्या काळात खरी गंमत झाली. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युनियनमधून बाहेर पडलं. बलूनच्या लायसन्सचं नवंकोरं नियमपुस्तक ब्रसेल्समध्ये मंजूर झालं ४ मार्च २०२० ला आणि लागू झालं ८ एप्रिलला. वरातीमागून घोडं. पण वर्षअखेरपर्यंत संक्रमणकाळ चालू होता, त्यामुळे ते घोडं ब्रिटनच्या दारातही आलं. आणि आल्यावर ब्रिटननं काय केलं? बांधून घेतलं. निघताना युरोपचे कायदे जसेच्या तसे उतरवून घ्यायचे असं आधीच ठरलेलं होतं. सदस्य देशांचे उल्लेख तेवढे खोडून त्या जागी आपल्या कचेरीचं नाव घातलं. या कायद्यांना आधी 'राखून ठेवलेला' कायदा म्हणत. २०२४ पासून 'सामावून घेतलेला' म्हणतात. लग्नानंतर सुनेचं नाव बदलावं तसं. माहेरचं माणूस तेच.

तर सोळा तास दोन्हीकडं सोळाच आहेत. नऊ विषय नऊच आहेत. गट अ ३४०० घनमीटरलाच संपतो. प्रोपेन तिकडंही तितक्याच उष्णतेनं जळतो. पण खाडीच्या पलीकडच्या साहेबासमोर तुमचं ब्रिटिश लायसन्स ठेवलंत तर तो ते वाचेल, त्यातली प्रत्येक अट ओळखेल, आणि सांगेल की, हे आमचं नाही. डिसेंबर २०२० च्या अखेरीस दोन्ही बाजूंनी हजारावर पानांचा करार केला. त्यात बांगड्याचे वाटे कोणाला किती ते आहे, विमानाच्या सुट्या भागांच्या प्रमाणपत्रांविषयी आहे. पायलटच्या लायसन्सला एकमेकांची मान्यता मात्र नाही. बांगडा मतदारसंघात पोहतो, बलून पायलट मोजके, आणि मतदानाच्या दिवशी बहुधा गावाबाहेर.

ब्रिटननं मनाचा मोठेपणा दाखवला. युरोपची लायसन्सं पुढची दोन वर्षं, ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत, आम्ही चालवून घेऊ म्हणाले. युरोपनं ब्रिटिश लायसन्सं एक दिवसही चालवून घेतली नाहीत. आमंत्रण दिलं, परतीचं आलं नाही. ज्यांना हे आधी उमगलं त्यांनी २०२० संपायच्या आत आपलं लायसन्स आयर्लंडकडं नाहीतर ऑस्ट्रियाकडं बदलून घेतलं. ऑस्ट्रियाला पाय न लावलेल्या माणसाकडं ऑस्ट्रियाचं लायसन्स, हे त्या वर्षी नवल राहिलं नव्हतं. पण तेच करोनाचं वर्ष. टोपलीत माणसांना खेटून उभं करणारा धंदा बंद, कचेऱ्या अर्ध्या मनुष्यबळावर, आणि बदलीचे अर्ज ढिगानं.

ज्यांची ती गाडी चुकली, आणि तुम्ही त्यांतलेच, त्यांच्यासाठी मार्ग दोन. एक, युरोपातल्या एखाद्या देशाकडून ब्रिटिश लायसन्सला ठरावीक मुदतीची तात्पुरती मान्यता मिळवायची आणि मुदत संपली की पुन्हा दारात उभं राहायचं. दुसरा, लायसन्स कायमचं रूपांतरित करून घ्यायचं. त्यासाठी शंभर तासांचा अनुभव, उड्डाणाची परीक्षा, वैद्यकीय दाखला आणि दोन लेखी पेपर : हवाई कायदा आणि मानवी क्षमता. हवाई कायद्याच्या पेपरात तुम्हाला घरी पाठ असलेलेच नियम विचारतील. उत्तरं बदलू नका. मानवी क्षमतेच्या पेपरात ऑक्सिजन कमी पडला की माणसाचं काय होतं, थकलेला माणूस कसा चुकतो, हे असतं. डोव्हरहून कॅलेला गेल्यावर माणसाची फुप्फुसं बदलतात की काय, हा प्रश्न परीक्षकाला विचारू नये.

एक फायदा मात्र झाला. युरोपचा नियम आहे की, एका माणसाकडं बलूनचं एकच लायसन्स असावं. दोन देशांची दोन बाळगणं हा गुन्हा. ब्रिटन आत होतं तोवर तुम्हाला हा नियम लागू होता. आता ब्रिटन परका देश झाल्यामुळे तुम्ही ब्रिटिश आणि युरोपीय अशी दोन्ही लायसन्सं राजरोस बाळगू शकता. दोन अर्ज, दोन फिया, दोन नूतनीकरणं. ब्रेक्झिटनं नागरिकाला अधिक स्वातंत्र्य दिलं नाही असं कोणी म्हणू नये.

धडा चौथा : छाती उघडी करा

युरोपच्या लायसन्सला युरोपचा वैद्यकीय दाखला लागतो, ब्रिटिश लायसन्सला ब्रिटिश. वयाच्या चाळिशीपर्यंत तो पाच वर्षं चालतो, पुढं दोन, पन्नाशीनंतर दरवर्षी. दोन्हीकडच्या मान्यता असलेला डॉक्टर शोधा. तो एकदाच रक्तदाब मोजेल आणि तोच आकडा दोन फॉर्मांवर लिहील. फिया बघून रक्तदाब वाढू शकतो, म्हणून पैसे तपासणीनंतर द्या.

धडा पाचवा : वारा

वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेनं वाहतो. डावीकडं जायचं असेल तर डावीकडं नेणारा थर शोधायचा. बर्नर दिला की वर, धीर धरला की खाली. एवढीच विद्या. बाकीचं सगळं सरावाचं.

या विद्येला सरकारी कागद नवा नाही, हेही इथंच सांगून टाकतो. मार्च १९९९ मध्ये बर्ट्रांड पिकार हे स्विस आणि ब्रायन जोन्स हे ब्रिटिश, असे दोघं स्वित्झर्लंडमधल्या शातो-दे या गावाहून उडाले आणि न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून सुमारे वीस दिवसांनी इजिप्तच्या वाळवंटात उतरले. (बलून पुन्हा ब्रिस्टलचाच.) चीननं त्यांना आपल्या आकाशातून जायला परवानगी दिली, पण अट घातली : २६ अक्षांशाच्या दक्षिणेनंच जा. सुकाणू नसलेल्या वाहनाला! त्यांनी हवामानशास्त्रज्ञांना कामाला लावलं, चीनच्या दक्षिण कडेनं नेणारा वाऱ्याचा पट्टा शोधला आणि अट पाळली. अशा माणसाला कॅलेच्या काउंटरवरून परत पाठवणं काय अवघड?

ता.क. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. पण इयासामध्ये आहे आणि शेंगेन या सामाईक सीमेच्या क्षेत्रातही आहे. म्हणजे युनियनबाहेर राहून बलून पायलटला आत ठेवता येतं. हे ब्रिटनला कोणी सांगू नये, आता उशीर झाला आहे.

धडा सहावा : दिवस मोजा

हा सगळ्यात महत्त्वाचा धडा. दोन्ही लायसन्सं, दोन्ही दाखले हातात आले म्हणून हुरळून जाऊ नका. लायसन्स सांगतं की तुम्हाला बलून उडवता येतो. तुम्हाला तिथं राहता येतं की नाही, हे पासपोर्ट सांगतो. तुम्हाला तिथं काम करता येतं की नाही, हे तिसरंच खातं सांगतं.

शेंगेन क्षेत्रात ब्रिटिश पाहुण्याला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. आलात तो दिवस धरायचा, गेलात तो दिवसही धरायचा. देश बदलला तरी हिशेब एकच. फ्रान्समधले ४० आणि इटलीतले ५० मिळून ९०. आणि १८० दिवसांची चौकट कॅलेंडरबरोबर रोज एक घर पुढं सरकते. त्यामुळे 'मागच्या पानावरून पुढं चालू' असा हा जमाखर्च आहे. अ‍ॅप मिळतात, पण भिंतीवरचं कॅलेंडर आणि लाल पेन्सिल हे उत्तम. शक्य तर 'कालनिर्णय' घ्या. उलट बाजूला हिशेब लिहायला जागा असते.

आता बलूनचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे दोनशेच्या वर दिवस. सरळ भागाकार केला तरी निम्मा हंगाम गेला. त्यातही, तुम्ही उडालात तेवढेच दिवस धरतात असं समजू नका. पाऊस पडला, तुम्ही फ्रेंच खेड्यातल्या खोलीवर दिवसभर पत्ते खेळत बसलात, तरी दिवस कापला गेला. वारा सुटला, दिवस गेला. धुकं आलं, दिवस गेला. पहाटे साडेचारला उठलात, मैदानावर गेलात, वारा मोजायला छोटा हेलियमचा फुगा सोडलात, तो तिरपा पळाला, तुम्ही गिऱ्हाइकांना हात जोडलेत आणि परत येऊन झोपलात, तोही गेला. बलून पायलटच्या आयुष्यातला मोठा भाग न उडण्यात जातो. पूर्वी तो फुकट जायचा. आता त्याचा हिशेब लागतो.

आधी दिवस मोजायला पासपोर्टवरचा शिक्का होता. तो पुसट उमटायचा, साहेबाच्या हाताला कंप असायचा, तारीख सातची एकची वाटायची. त्यात माणसाला थोडी हवा होती. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं यंत्रं आली आहेत. चेहरा, बोटांचे ठसे, आलात कधी, गेलात कधी. यंत्राचा हात कापत नाही.

आणि हे ९० दिवस फक्त राहण्याचे. कामाचा परवाना वेगळा, प्रत्येक देशाचा वेगळा, २७ देशांच्या २७ तऱ्हा. तुम्हाला कामावर ठेवणाऱ्या फ्रेंच मालकानं आधी हे पटवून द्यावं लागू शकतं की, हे काम करणारा कोणी आसपास मिळत नाही. त्यात फ्रान्स म्हणजे बलूनचं माहेर. १७८३ मध्ये माँगोल्फिए बंधूंनी व्हर्सायला मेंढी, बदक आणि कोंबडा टोपलीत घालून वर पाठवले ते याच देशात; माणूस पहिल्यांदा मोकळा उडाला तोही पॅरिसमध्येच. अशा देशाला 'तुमच्याकडं बलून उडवणारा मिळत नाही' हे पटवायचं म्हणजे पुण्याच्या माणसाला 'तुमच्याकडं मत देणारा मिळत नाही' असं सांगण्यासारखं आहे.

परवाना फक्त पायलटला लागतो असंही नाही. खालून जीप घेऊन बलूनच्या मागं मागं धावणारी, कुंपणं उघडून घेणारी, दोनशे किलोचं कापड गुंडाळून पोत्यात कोंबणारी जी पोरं असतात, ती पूर्वी सुट्टीत मजा म्हणून इंग्लंडातून यायची आणि जेवणखाण, हातखर्चावर खूश असायची. तेही आता 'काम' आहे.

धडा सातवा : सामानाची यादी करा

बलून विमानतळावरून येत नाही. ट्रेलरवर लादून बोटीनं येतो. पूर्वी ट्रेलर जोडला की निघायचं. आता जकातीच्या हद्दीतून धंद्याचं सामान तात्पुरतं नेता येण्यासाठी कार्नेट नावाचं पुस्तक काढायचं. एक वर्ष चालतं. त्यात प्रत्येक वस्तू, तिचं वजन, तिची किंमत : कापड एक, वेताची टोपली एक, बर्नर एक जोडी, पंखा एक, दोर अमुक इतके. जाताना शिक्का, येताना शिक्का. जे गेलं ते परत यायला हवं, नाहीतर जकात भरा. आतली हवा यादीत धरत नाहीत. ती तिथलीच घेऊन तिथंच सोडायची असते.

हे पुस्तक १७८५ मध्ये असतं तर इतिहास वेगळा झाला असता. त्या वर्षी ७ जानेवारीला ब्लांशार हा फ्रेंच आणि जेफ्रीस हा बोस्टनचा डॉक्टर हायड्रोजनचा बलून घेऊन डोव्हरच्या कड्यावरून निघाले. खाडीच्या मध्यावर बलून खाली येऊ लागला. त्यांनी वाळूच्या पिशव्या टाकल्या. मग खाण्यापिण्याचं, मग वल्ही, सजावट, दोर. तरी खाली. शेवटी अंगावरचे कपडे. ब्लांशारनं विजारसुद्धा समुद्रात टाकली. अशा अवस्थेत दोघं फ्रान्सच्या जंगलात उतरले, कुडकुडत, आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पासपोर्ट कोणी विचारला नाही, आणि विचारला असता तरी तो कोणत्या खिशातून काढणार? आज हाच प्रवास करणाऱ्याला एवढंच सांगतो : बुडायची वेळ आली तर आधी कार्नेटमध्ये नसलेलं सामान टाका.

खाण्याचं काही घेऊ नका. ब्रिटनमधून युरोपात जाणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ बरोबर नेता येत नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये हॉलंडच्या बंदरात जकातवाल्यांनी ड्रायव्हरांच्या डब्यातली हॅम सँडविचं काढून घेतली, ती बातमी जगभर गेली. पहाटेच्या उड्डाणाआधी भूक लागतेच. चिवडा न्या.

धडा आठवा : आजी शोधा

वरचे सातही धडे झेपले नाहीत तर हा एकच करा. तुमची आजी किंवा आजोबा आयर्लंडात जन्मलेले आहेत का, बघा. असतील तर आयर्लंडच्या परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालून आयरिश नागरिकत्व घेता येतं. आयरिश पासपोर्ट आला की ९० दिवस नाहीत, कामाचा परवाना नाही, २७ तऱ्हा नाहीत. म्हातारी कोणत्या खेड्यातली, चर्चच्या वहीत तिचं नाव कसं लिहिलंय, हे शोधायला मतदानानंतर हजारो लोक लागले. आयुष्यभर जिच्या बोलण्याची चेष्टा केली तिच्या जन्मदाखल्यासाठी रांगा.

या धड्याची सवय आपल्याकडं गोव्याला फार जुनी आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं. लिस्बनला कागद, मग युरोपचा पासपोर्ट, आणि मग अनेकांनी गाठलं इंग्लंड. ब्रिस्टलहून पूर्वेला गाडीनं तासाभरावर स्विंडन म्हणून गाव आहे, तिथं गोंयकारांची मोठी वस्ती आहे. ब्रेक्झिट झाल्यावर त्यांनाही कागदाची धावपळ चुकली नाही. ३० जून २०२१ च्या आत वास्तव्याचे अर्ज करावे लागले. पण ते झाल्यावर हिशेब काय उरला, बघा. स्विंडनच्या गोदामात रात्रपाळी करणारा मडगावचा माणूस वाटलं तर उद्या सकाळी फ्रान्सला जाऊन कायमचं काम धरू शकतो. ब्रिस्टलला जन्मलेला, ब्रिस्टलच्या बलूनवर हात बसलेला पायलट मात्र लाल पेन्सिल घेऊन कॅलेंडरसमोर बसलेला आहे. दोघांची भेट झालीच, तर पायलटनं त्याला दोन गोष्टी विचाराव्यात : अर्ज भरताना वकील करावा का, आणि फोटोची पार्श्वभूमी पांढरीच लागते का. बरोबर उत्तर मिळेल.

शंका-समाधान

*उडालो इंग्लंडातून आणि वाऱ्यानं फ्रान्सला नेलं तर?* वाऱ्यावर कोणाचाही खटला चालत नाही. तुमच्यावर चालू शकतो. खाडी ओलांडायची असेल तर दोन्हीकडं आधी कळवा. ओलांडायची नसेल तर केंटच्या किनाऱ्यावर उडूच नका.

*युरोपचा पायलट इंग्लंडात येऊन काम करू शकतो का?* त्याच्यासाठी हीच मार्गदर्शिका उलट बाजूनं वाचावी. धडा सहावा थोडा वेगळा आहे, बाकी सगळं तसंच.

*मग उडायचं कधी?* पहाटे. आधी सांगितलं आहे.

*उतरलो आणि शेतकऱ्यानं अडवलं तर?* तो अडवणारच. त्याच्या सरकीत, म्हणजे तिथं सूर्यफुलात, तुम्ही टोपली ओढली आहे. तो लायसन्स विचारत नाही, पासपोर्ट विचारत नाही, ९० दिवसांपैकी कितवा ते तर नाहीच. जुनी रीत अशी की, त्याला शॅम्पेनची बाटली द्यायची. तो ग्लास मागवतो, बायको घरातून येते, गिऱ्हाइकं टाळ्या वाजवतात. बाटली इंग्लंडहून नेऊ नका. तिथल्याच दुकानात घ्या आणि पावती सांभाळून ठेवा.